झाडाला सांगितलेल्या शिव्या

माझ्या तोंडात शिवी पटकन येते, हे आधीच सांगून टाकते. उगाच पुढं कुणी म्हणायला नको, की शोभाताई साळसूदपणाचा आव आणतेय. पाथर्डीत कचेरीच्या आवारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान कसलं, टपरीच. उन्हाळ्यात वरचा पत्रा तापतो, मशीन कागद गिळून बसतं, रांगेतला एखादा शहाणा "ओ बाई, किती वेळ?" म्हणतो आणि माझं तोंड सुटतं. मशीनची आई निघते, बहीण निघते, कागद पुरवणाऱ्याच्या सात पिढ्या निघतात. अशा वेळी शेजारच्या टेबलावरनं नाना मान वर न करता म्हणायचे, "मशीनला आई नसते, ताई. तिला कशाला मधे आणता?"

"मग कुणाला आणू?"

"कुणालाच नका आणू. टोनर आणा. टोनर संपलाय."

नाना म्हणजे टायपिंगवाले नाना. कडुलिंबाखाली त्यांचं लोखंडी टेबल, मागं त्यांची खुर्ची, समोर येणाऱ्यासाठी एक स्टूल आणि टेबलाच्या पायाशी पाण्याचा तांब्या. टेबल अजून तिथंच आहे. नाना बसत नाहीत. लोक येऊन मला विचारतात, "टायपिंगवाले कुठं गेले?" मी म्हणते, येत नाहीत आता. का येत नाहीत ते कुणाला सांगत नाही. त्यात थोडा वाटा माझाही आहे.

तीसेक वर्षं त्यांनी त्या झाडाखाली टायपिंग केलं. आधी खटखट करणाऱ्या मशीनवर, नंतर लॅपटॉपवर. लॅपटॉप लेकीनं पहिल्या पगारात घेऊन दिलेला. त्याची बटणं ते रोज सकाळी जुन्या टूथब्रशनं साफ करायचे. प्रिंट काढायला पेनड्राईव्ह घेऊन माझ्याकडं यायचे, म्हणून त्यांचा प्रत्येक कागद माझ्या हाताखालनं गेला. काटेकोर माणूस. जिल्ह्याचं नाव बदललं त्या दिवसापासून त्यांच्या अर्जावर 'जिल्हा अहिल्यानगर' यायला लागलं. आम्ही बाकीचे अजून नगरच म्हणतो.

वारसाची नोंद, रेशनकार्ड, सगळंच ते टाईप करायचे. पण त्यांचं नाव होतं ते शिवीगाळीच्या तक्रारीसाठी. पोलीसच माणसाला सांगायचे, "नानांकडनं लिहून आना, म्हंजी मागनं झंझट न्हाई." कारण साधं होतं. 'घाणेरडी शिवीगाळ केली' एवढंच लिहिलं, की समोरचा वकील विचारतो, घाणेरडी म्हणजे नेमकी काय? मग तुम्ही शब्द सांगितलात, तर म्हणतो, हे मागाहून सुचलं, आधी का नाही लिहिलं? शब्द पहिल्या कागदावर नसला, की तक्रार बोंबलली. हे नानांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं, की झोपेतनं उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं.

स्टुलावर कुणी येऊन बसलं, की त्यांचे तीन प्रश्न ठरलेले. कोण? कुठं? काय शब्द?

पहिले दोन पटकन निघायचे. तिसऱ्याला गाडी अडायची. एकदा ऊसतोडीहून परत आलेली एक बाई आली. टोळीचा मुकादम तिला फडात सगळ्यांसमोर काहीबाही बोललेला. बाई पदरात तोंड घालून बसली.

"लई वंगाळ बोलला वो. मला न्हाई सांगता यायचं."

"वंगाळ म्हणजे काय, मावशी? कोर्टाला वंगाळ कळत नाही. शब्द सांगा. तुमचा नाही तो, त्याचा आहे. तुमच्या तोंडाला चिकटणार नाही."

"तुमी बापावानी हाय. तुमच्या म्होरं कसं बोलू?"

नाना उठले. खुर्ची उलटी फिरवली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि तिच्याकडं पाठ करून बसले. म्हणाले, "मी बघत नाही तुमच्याकडं. तुम्ही पण माझ्याकडं बघू नका. त्या झाडाला सांगा."

आणि बाईनं सांगितलं. आधी पुटपुटली, मग आवाज चढत गेला, शेवटी तर ती त्या कडुलिंबाला अशी काही सुनावत होती, की माझ्या रांगेतले दोन बाप्ये खाली बघायला लागले. नाना पाठमोरे टाईप करत होते. झालं तसा त्यांनी तांब्या पुढं केला. "चूळ भरा, मावशी. आता तो शब्द कागदावर आहे. तुमच्यात नाही."

ही त्यांची रीत. लिहिता येणाऱ्याला चिठ्ठी, न येणाऱ्याला झाड, आणि शेवटी चूळ. स्वतः मात्र संध्याकाळी आवारातल्या नळावर साबण लावून दोन्ही हात कोपरापर्यंत धुवायचे आणि मगच सायकलला हात लावायचे. मी एकदा हसले, तर म्हणाले, "घरी वत्सला आहे, ताई. दिवसभराचं हातावर घेऊन कसं जायचं?" वत्सलाकाकू वारल्या, तरी हात धुणं सुटलं नाही.

शिवी कशाला म्हणायचं, यावर त्यांचं आणि ठाण्यातल्या एका हवालदाराचं वाजलं होतं. एका बाईला जावेनं पाणवठ्यावर 'वांझोटी' म्हटलं. हवालदार म्हणाला, "नाना, ही काय शिवी हाय व्हय? असलं घ्यायला लागलो तर गावं रिकामी हुतील." नाना म्हणाले, "ज्याला लागली त्याला विचारा, साहेब. तुम्हाला लागणार नाही, तुम्हाला तीन पोरं आहेत." शब्द त्यांनी टाईप केला, वरनं त्याच्याखाली रेघही मारली. तिकडं काही झालं नाही त्याचं, पण ती बाई पुढं कधी बाजाराला आली, की नानांच्या टेबलावर दोन लिंबं ठेवून जायची.

आणि एकदा खर्ड्याकडचे दोन म्हातारे आले, बहिणीच्या वाटणीच्या कामाला. एक स्टुलावर बसलेला, दुसरा मागनं आला आणि आल्या आल्या त्यानं पहिल्याच्या पाठीत धपका घालून त्याच्या आईचा असा उद्धार केला, की मीसुद्धा मशीन थांबवलं. नानांनी सवयीनं विचारलं, "तक्रार द्यायची का?" दोघं म्हातारे खो खो हसले. "आवं नाना, ही शिवी न्हाई, आमचा रामराम हाय! पन्नास वर्सं झाली, ह्याच्याबिगर आमचं त्वांडच उघडत न्हाई." नाना पण हसले. दात दिसतील असं हसताना मी त्यांना तेवढंच एकदा पाहिलं.

शाळा-कॉलेजं सुरू व्हायच्या दिवसांत माझ्याकडं जातीच्या दाखल्यांची रांग लागते. नानांच्या लोकांचा दाखला आला, की त्यावर एक शब्द असतो. सरकारी शिक्क्याचा, साधा, सरळ छापलेला. दिवसाला वीस वेळा मी त्याच्या झेरॉक्स काढते, माझं काही अडत नाही. त्यांच्या वडलांनी धम्म घेतला तेव्हाच तो शब्द घरातनं काढला होता, असं नाना सांगायचे. पण तोच शब्द कुणाच्या तोंडातनं कसा येतो, ते त्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं. मी त्या बाजूला कधी उभीच राहिले नव्हते.

प्रज्ञा म्हणजे नानांची एकुलती एक लेक. वीसेक किलोमीटरवरच्या एका गावात आरोग्य उपकेंद्रात नर्स. गावाचं नाव घेत नाही. तिथला एक पुढारी आहे, त्याचंही घेत नाही. लसीकरणाचा दिवस होता. ह्या पुढाऱ्याचा फोन आला, की नातवाला लस द्यायला घरी या. प्रज्ञा म्हणाली, "सगळ्या आया बाळांना घेऊन इथं येतात, तुमच्या सूनबाईंना पण पाठवा." अर्ध्या तासात जीप दारात. बावीस आया पोरं घेऊन बसलेल्या, त्यांच्यासमोर तो माणूस दहा मिनिटं बोलला. आधी तिच्या जातीवरनं बोलला, मग तिच्या अंगावरनं, आणि शेवटी तिच्या आईवरनं.

ती तशीच निघून पाथर्डीला आली. अंगात गणवेश, खांद्याला लसीचा डबा. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "पप्पा, तक्रार टाईप करा."

मी मशीन बंद केलं. नानांनी लॅपटॉप उघडला. लेकीकडं बघितलं, पण आवाज नेहमीचाच ठेवला.

"कोण?"

तिनं नाव सांगितलं. त्यांनी टाईप केलं.

"कुठं?"

तेही केलं.

"काय शब्द?"

पोरगी धीराची. तिनं झाडाकडं बघितलं नाही, पदर नाही, चिठ्ठी नाही. बापाच्या डोळ्यांत बघून तिनं एकेक शब्द सांगितला. शेवटचं वाक्य वत्सलाकाकूंवर होतं. जाऊन दोन वर्षं झालेली बाई. तिच्यावर तो जे बोलला ते मी इथं लिहीत नाही. प्रज्ञानं ते पुढं कोर्टात सांगितलंय, ज्याला पाहिजे त्यानं तिथं जाऊन वाचावं.

नानांची बोटं बटणांवर होती. ती हलली नाहीत. मग ते म्हणाले, "तू पाणी पी. मी लिहितो बरोबर."

ती तांब्यातलं पाणी प्यायली. नानांनी टाईप केलं आणि पेनड्राईव्ह माझ्याकडं दिला. मी प्रिंट काढली. त्यावर होतं, 'सर्वांसमक्ष जातीवाचक तसेच आईवरून अत्यंत अर्वाच्य व लिहिता न येण्याजोगी शिवीगाळ केली.'

लिहिता न येण्याजोगी! ज्या माणसानं तीस वर्षं अख्ख्या तालुक्याच्या शिव्या लिहिल्या, त्यानं हे लिहिलं. कागद हातात घेऊन मी उभी होते. 'नाना, शब्द कुठाय?' एवढंच विचारायचं होतं. ओठापर्यंत आलं आणि विचारलं नाही मी. मनाची समजूत घातली, की बाप आहे, बायकोबद्दल कसं लिहील, राखावी त्याची लाज. पण खरं सांगते, दुसरंही होतं. तो पुढारी आमच्या पाहुण्यांतला. लग्नाकार्यात एका पंगतीला बसणारा. कागदात शब्द कमी असला तर बरंच, असं मनाच्या कुठल्या कोपऱ्यात आलं की नाही, ते मी आज शपथेवर सांगू शकत नाही. दिवसाला पन्नास शिव्या देणारी मी, आणि त्या दिवशी माझी दातखीळ बसली. जळो माझं तोंड.

प्रज्ञानं न वाचता सही केली. बापानं टाईप केलेलं कोण वाचतं?

गुन्हा दाखल झाला. पुरवणी जबाबात प्रज्ञानं सगळे शब्द सांगितले. बावीस आयांपैकी एकीनंही ऐकलं नव्हतं. "पोरं रडत हुती, काय कळलंच न्हाई," प्रत्येकीचं हेच. म्हणजे सगळा भार आला त्या पहिल्या कागदावर. सरकारी वकिलांनी तो वाचला आणि नानांना विचारलं, "नाना, शब्द कुठंय? तुम्ही टाईप केलंय ना हे?"

त्या दिवसापासून नानांचं जेवण तुटलं. डबा उघडायचे, झाकायचे. स्टुलावर आलेल्या माणसाला "काय शब्द?" विचारताना त्यांचा आवाज बसायला लागला. रोज संध्याकाळी हात धुऊन आले, की मला विचारायचे, "ताई, तेवढ्यावर सुटेल का हो तो?" मी म्हणायचे, नाही सुटत, देव बघतोय. दुसरं काय म्हणणार होते? प्रज्ञा त्याच गावात नोकरी करत होती. तो सुटला तर तिला रोज त्याच्या जीपसमोरनं जायचं होतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

नानांनी सरकारी वकिलांचे पाय धरले, मला साक्षीला घ्या, माझी चूक मी सांगतो. घेतलं.

तारखेला मीही नगरच्या कोर्टात गेले. करंजीचा घाट, मग भिंगार, सगळ्या रस्त्यात नाना पाण्याची बाटली मांडीवर धरून बसलेले, एक घोटसुद्धा घेतला नाही. प्रज्ञानं तिची साक्ष खणखणीत दिली. शब्द न शब्द सांगितला. मान माझी खाली गेली, तिची नाही गेली.

मग नाना पिंजऱ्यात उभे राहिले. उलटतपासणी घेणारा वकील आमच्याच आवारातला. तो नानांच्या टेबलावर शंभरदा चहा प्यायलाय, आपली माणसं त्यानं त्यांच्याकडं पाठवलीयत. त्यानं एक गठ्ठा काढला. जुन्या तक्रारींच्या नकला.

"हे तुमचंच टायपिंग?"

"हो."

"यात शिवीचा शब्द आहे?"

"आहे."

"या दुसऱ्यात?"

"आहे."

नऊ कागद दाखवले. नऊ वेळा नाना 'आहे' म्हणाले.

"म्हणजे शब्द लिहिल्याशिवाय तक्रार टिकत नाही, हे या तालुक्यात सगळ्यात जास्त तुम्हाला माहीत. दुसऱ्यांच्या लेकीबाळींचे शब्द लिहिलेत. स्वतःच्या मुलीच्या अर्जात नाहीत. कारण तसे शब्द कुणी बोललंच नव्हतं. बरोबर?"

"हात चालला नाही, साहेब."

"हात राहू द्या. तोंड आहे ना? आता सांगा."

त्याला नाना पुरते माहीत होते, म्हणून तर त्यानं हे विचारायचं धाडस केलं. न्यायाधीशसाहेब शांतपणे म्हणाले, "सांगा. रेकॉर्डवर घ्यायचं आहे."

नानांनी तोंड उघडलं. लेकीकडं बघितलं. मिटलं. मग म्हणाले, "साहेब, मी पाठ करून उभा राहू का?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. साहेब म्हणाले, "समोर बघून बोला."

नानांनी कठडा धरला. मी बाकावर बसून मनात ओरडत होते, नाना, शब्द सांगा, तुमचा नाही तो, त्याचा आहे! त्यांचे ओठ हलले. बाहेर आलं ते एवढंच, "वत्सला..." आणि पुढं काही नाही. कोर्टाच्या टायपिस्टनं तेवढंच घेतलं असेल.

निकालाला काही महिने लागले. संशयाचा फायदा देऊन निर्दोष. इतका अनुभवी माणूस नेमके शब्द गाळणं संभवत नाही, असंही त्यात होतं म्हणे. नानांचा काटेकोरपणा त्यांच्याच लेकीच्या मुळावर आला.

बदली घे, असं प्रज्ञाला सगळ्यांनी सांगितलं. ती म्हणाली, "मी का जाऊ?" नानांचं काम चालू होतं, पण आता ते खुर्ची फिरवायचे नाहीत. शिवीची तक्रार घेऊन कुणी आलं, की "दुसऱ्याकडं जा, दादा," म्हणायचे.

मग एका दुपारी प्रज्ञा आली. तशीच, गणवेशात, खांद्याला डबा. स्टुलावर बसली.

"पप्पा, टाईप करा."

नाना तिच्याकडं बघतच राहिले. मग त्यांनी लॅपटॉप उघडला. "कोण?"

"तोच."

"कुठं?"

"तिथंच. लसीकरणाच्या दिवशी. दर वेळी येतो."

"काय शब्द?"

"नमस्कार मॅडम."

"अजून?"

"एवढंच. दारात येतो, सगळ्या बायकांसमोर कमरेत वाकून दोन्ही हात जोडतो, 'नमस्कार मॅडम, आमची काही सेवा?' म्हणतो आणि जातो. बायका तोंडाला पदर लावून हसतात. आता तर शाळेतली पोरं पण मला बघून तसंच वाकतात." तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "लिहा ना पप्पा. आता तर लिहिता येण्यासारखं आहे ना?"

मला ते खर्ड्याचे म्हातारे आठवले, आईवरनं शिवी देऊन गळ्यात पडणारे. आणि हा मेला, मुडदा बशिवला याचा, 'नमस्कार' म्हणून पोरीला सोलत होता. याचा अर्ज कुठलं ठाणं घेणार?

नानांची बोटं बटणांवर तशीच होती. प्रज्ञानं थोडा वेळ वाट बघितली. मग उठली, डबा खांद्याला लावला. "राहू द्या पप्पा. मी उगीच आले. वडापची जीप जाईल माझी." आणि ती फाटकाकडं गेली. नाना ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

जेवणाची सुट्टी झाली होती, आवार रिकामं होतं. नानांनी लॅपटॉप बंद केला, तो त्या टेबलावर शेवटचाच, उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि स्टुलावर बसले. स्वतःच्याच समोरच्या स्टुलावर, कडुलिंबाकडं तोंड करून. मला वाटलं, चक्कर आली. मी पुढं झाले, तर ते बोलत होते.

आधी त्या माणसाचं नाव घेतलं. मग गावाचं. आणि मग शब्द. प्रज्ञानं सांगितलेले सगळे, त्याच क्रमानं, एकही न गाळता. जातीवरचे, अंगावरचे. वत्सलाकाकूंवरच्या वाक्याला आवाज चिरकला, पण वाक्य पुरं केलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणखी मोठ्यानं. मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. तीस वर्षांत ज्या माणसाच्या तोंडून मी साधा 'मूर्ख' ऐकला नव्हता, तो हात जोडून झाडाला ते सगळं सांगत होता, आणि मागं खुर्चीवर टाईप करायला कुणी नव्हतं.

तिसऱ्यांदा सांगून झालं आणि ते थांबले. मी तांब्या उचलला. म्हटलं, "झालं, नाना. चूळ भरा."

त्यांनी तांब्या घेतला. पाणी तोंडात घेतलं आणि गाल फुगवून बसून राहिले. झाडाच्या बुडाशी चूळ टाकायला जागा व्हावी म्हणून मी बाजूला झाले. त्यांनी एकदा बुंध्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि ते पाणी गिळलं.